पाणी येण्याआधी हललेली घरं आणि झाडं: शांघायच्या अमनयांगयुनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी जुने वाडे मोजतो. वाडा पाडायच्या किंवा दुरुस्त करायच्या आधी टेप, ओळंबा आणि वही घेऊन जायचं, एकेक खांब, तुळई, दार मापून नकाशा करायचा, हा माझा धंदा. या विषयावर कुठे बोलायला गेलो की शेवटी शांघायच्या अमनयांगयुन या हॉटेलाचा एक फोटो दाखवतो. करड्या विटांचं, काळ्या कौलांचं चिनी घर आणि शेजारी चार जणांच्या कवेत न मावणारं झाड. घर आणि झाड दोन्ही सातशे किलोमीटरवरून आणलंय एवढं म्हटलं की लोकांच्या हातातला चहा गार होतो. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवतोय.

ही जागा नेमकी कुठे आहे?

शांघायच्या नैऋत्येला, मिनहांग भागात. 'अमन' या हॉटेलसाखळीचं हे हॉटेल २०१८ साली उघडलं. नावातल्या 'यांगयुन'चा अर्थ ढगांचं पोषण करणं असा काहीसा होतो. आराखडा केरी हिल या ऑस्ट्रेलियन वास्तुरचनाकाराच्या कार्यालयाचा. हिल त्याच वर्षी वारले.

इथे राहायच्या दोन तऱ्हा आहेत. १३ व्हिला जुन्या, हलवून आणलेल्या घरांचे आणि २४ नव्याने बांधलेले, प्रत्येकाला स्वतःचा चौक असलेले स्वीट. फोटोत दोन्ही सरमिसळ दिसतात, त्यामुळे 'सगळं हॉटेल चारशे वर्षं जुनं आहे' असा बऱ्याच जणांचा समज होतो. तो चुकीचा आहे.

हलवलं कोणी? आणि का?

मा दादोंग नावाच्या उद्योजकाने. ते मूळचे जिआंगशी प्रांतातल्या फूझौचे. २००२ मध्ये आईवडिलांना भेटायला गावी गेले तेव्हा कळलं की ल्याओफांगचं धरण होणार, आणि पाण्याखाली मिंग आणि चिंग काळातली गावं जाणार, कापराच्या झाडांचं जुनं रानही जाणार. मिंग घराण्याचा काळ १३६८ ते १६४४, चिंगचा १६४४ ते १९१२. आपल्याकडे बहामनी सुलतानांपासून टिळकांपर्यंतचा सगळा काळ त्यात बसतो.

मा यांनी सुमारे ५० घरं उतरवून घेतली आणि सुमारे १०,००० झाडं हलवली, असे आकडे ते स्वतः आणि हॉटेल सांगतात. सामान शांघायला आलं तेव्हा हॉटेल कागदावरही नव्हतं. लाकूड, विटा, दगड गोदामात राहिले, झाडं मोकळ्या जमिनीत लावली गेली. पुढे काय करायचं हे ठरायला वर्षं गेली. सुरुवातीपासून हॉटेल उघडेपर्यंत धरून पंधराएक वर्षं.

फूझौ म्हणजे समुद्रकाठचं ते मोठं शहर ना?

नाही. ते फूजिआन प्रांतातलं, वेगळं. रोमन लिपीत दोन्ही नावं सारखीच दिसतात, चिनी लिपीत पहिलं अक्षर वेगळं आहे. आपलं फूझौ डोंगरात, फू नदीच्या काठी आहे. मिंग काळातले थोर नाटककार तांग श्यान्झू तिथलेच.

घर 'उचलून आणलं' म्हणजे काय? क्रेनने?

क्रेन शेवटी येते. आधी ते घर उभं कशावर असतं ते समजून घ्यायला हवं, आणि हे वाड्यात वाढलेल्या माणसाला फार सोपं जातं. जिआंगशी आणि शेजारच्या आन्हुई प्रांताकडच्या घराचा सगळा भार लाकडी सांगाड्यावर असतो. बाहेरची विटांची भिंत ऊन, चोर आणि आग अडवते, छत पेलत नाही. चिनीत म्हणच आहे की भिंत पडली तरी घर पडत नाही. आपल्या वाड्यातही खांब-तुळयांचा सांगाडा आधी उभा राहतो आणि भिंत त्याला बिलगून येते.

सांधे खाच आणि कुसाचे. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्यात घट्ट बसणारं कूस, गरज पडली तर आरपार लाकडी खुंटी. खिळ्यांवर भिस्त नाही. त्यामुळे ज्या क्रमाने घर चढलं त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने ते उतरवता येतं: कौलं, वासे, वरच्या तुळया, मग खांब. खांब जमिनीत गाडलेला नसतो, दगडावर नुसता ठेवलेला असतो. त्या दगडाला आपण तळखडा म्हणतो. ओल जमिनीतून लाकडात चढू नये म्हणून तो असतो, तिकडेही आणि इकडेही. तिकडचा बहुधा ढोलासारखा किंवा कमळासारखा कोरतात.

प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालायचा, तोच क्रमांक नकाशावर आणि फोटोवर. काम कंटाळवाणं आहे आणि सगळं यश त्याच्यावर आहे. मी सुरुवातीच्या दिवसांत सातारा जिल्ह्यातला एक छोटा वाडा उतरवायला मदत केली होती. क्रमांक मी गेरूने घातले. सामान ताडपत्रीखाली ठेवलं, वळवाचा पाऊस आला, ताडपत्री उडाली आणि सकाळी बघतो तर चाळीसेक वाशांवरून लाल ओघळ वाहिलेले. कुठला वासा कुठला, हे ठरवायला तीन आठवडे घालवले, तरी दोन जागी चुकलोच. ५० घरांचे तुकडे अनेक वर्षं गोदामात ठेवायचे म्हणजे काय, याचा अंदाज मला त्या तीन आठवड्यांवरून येतो.

विटा आणि दगडकामाचं काय? तेही जसंच्या तसं?

विटा करड्या आहेत, लाल नाहीत, ते रंगामुळे नव्हे. माती तीच. भट्टी पेटलेली असताना शेवटी हवा कोंडतात आणि वरून पाणी सोडतात. आत प्राणवायू उरत नाही आणि मातीतलं लोह लाल व्हायच्याऐवजी काळपट होतं. अशी वीट चुन्यात बसवलेली असते, म्हणून सुटी करता येते. सिमेंटमध्ये बसवलेली वीट सोडवायला गेलं की तुटते. जुना चुना विटेपेक्षा मऊ असतो हे फार मोठे उपकार आहेत. चीनमध्ये महत्त्वाच्या बांधकामात चुन्यात चिकट भाताची पेज घालत, आपल्याकडे घाणीत दळलेल्या चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद.

दगडकाम बहुतेक दाराभोवती एकवटलेलं असतं: चौकट, वरची कोरीव पट्टी, दोन बाजूंना दगडी ढोल. भिंती बाहेरून अगदी सपाट, खिडक्या नावाला, सगळा दिमाख दारावर. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६ ते १९७६) या भागातल्या अनेक कोरीव माणसांचे चेहरे छिन्नीने उडवले गेले. काही ठिकाणी गावकऱ्यांनी कोरीवकामावर आधीच चिखल किंवा चुना थापला आणि ते वाचवलं. एखाद्या पट्टीवरचे घोडे शाबूत आणि स्वारांचीच तोंडं गायब दिसली, तर पाथरवटाला दोष देऊ नका.

मग ५० घरं उभी राहिली का?

२६ उभी राहिली. त्यातल्या १३ घरांचे हॉटेलचे व्हिला झाले, बाकीची बहुतेक खासगी निवासं. खांबाचा पाय कुजलेला, तुळई वाळवीने खाल्लेली, असं घर दोन घरांचं सामान जोडूनच उभं राहतं. कुजलेला पाय तेवढाच कापून खाली नवं लाकूड सांध्याने जोडायची पद्धत चिनी सुतारांकडे फार जुनी आहे. आपले सुतारही ते करतात. आता करत असत, असं म्हणायची वेळ आली आहे.

आत एसी, बाथरूम, तलाव. मग ते जुनं घर कसलं?

खरं सांगू, हा प्रश्न मला फारसा छळत नाही. जुन्या घरात राहायचं तर मोरी लागणारच. हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या आसपास जातो आणि मूळ घरात उबेची सोय शेगडीपुरती. खालून गरम केलेली फरशी आणि शेजारी जोडलेल्या नव्या खोल्या हे माणसं राहती ठेवायचे मार्ग आहेत.

मला खटकतं ते दुसरं. त्या घरांच्या मधल्या चौकात, ज्याला चिनीत 'आकाशविहीर' म्हणतात, चारही बाजूंच्या छपरांचं पाणी आत पडतं. घराबाहेर पाणी जाऊ द्यायचं नाही, पाणी म्हणजे लक्ष्मी, अशी तिथली समजूत. त्या चौकात भाज्या निवडल्या जात, म्हातारी बसे, लग्नं लागत. कित्येक चुलतभावांचं बिऱ्हाड त्या एका चौकावर नांदायचं. आज एका रात्रीचे पैसे मोजलेलं एकच कुटुंब तिथे असतं. लाकूड आलं, चौक आला, भाऊबंदकी आली नाही. हवीच होती असंही नाही म्हणा.

एवढं मोठं झाड मुळासकट हलतं कसं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. उत्तर असं की मुळासकट हलत नाहीच. झाडाची मुळं फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, त्यांचा मोठा भाग तुटतोच. खोडाभोवती मातीचा एक मोठा गड्डा राखायचा, तो दोरांनी आणि गवताच्या पेंढ्याने करकचून बांधायचा आणि तेवढाच उचलायचा. सर्वांत थोराड झाडं, गड्डा धरून, ८० टनांच्या घरातली. रस्ते, पूल, वळणं, विजेच्या तारा, सगळं आधी बघून ठेवावं लागतं.

मुळं कमी झाली की पानांना पाणी पुरणार नाही, म्हणून फांद्याही तोडाव्या लागतात. ताजं लावलेलं असं झाड बघवत नाही: जाड खोड, वर चारपाच छाटलेले खुंट, बस्स. चीनमध्ये अशा झाडांच्या खोडाला सलाईनसारख्या पिशव्या लावलेल्या दिसतात, नळी टोचलेली, आत पाणी आणि अन्नद्रव्यं. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला तो विनोद वाटला होता. तसा नाहीये, ती तिथली रोजची पद्धत आहे.

लावणंही सोपं नाही, कारण जमीन बदलली. जिआंगशीची माती लाल, आम्ल. शांघाय म्हणजे यांगत्सीच्या गाळावर बसलेलं शहर, माती किंचित अल्कधर्मी, आणि फावडं थोडं खोल गेलं की पाणी लागतं. कापराच्या झाडाला दोन्ही मानवत नाही. अल्कधर्मी मातीत त्याला लोह घेता येत नाही, पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शांघायच्या रस्त्यांवरच्या कापरांचं हे जुनं दुखणं आहे. पाणी साचलं तर मुळं कुजतात, म्हणून उंचवटा करून लावायचं. नवं झाड खोल खड्ड्यात गाडायची आपली सवय इथे मारक ठरते.

झाडं खरंच हजार वर्षांची आहेत?

काही हजारापलीकडची आहेत असं हॉटेल सांगतं. कापूर एवढा जगू शकतो. मात्र म्हातारं झाड आतून पोकळ होतं, वलयं मोजायला मधलं लाकूडच शिल्लक नसतं. त्यामुळे खूप जुन्या झाडांची वयं बऱ्याचदा घेरावरून आणि गावच्या सांगण्यावरून ठरतात. आपल्याकडच्या वडांचंही तेच.

हा कापूर म्हणजे आरतीचाच का?

हो, याच झाडाचा. लाकडाचे तुकडे वाफवून कापूर काढायचे. आज दुकानात मिळतो तो बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनवलेला. भीमसेनी कापूर मात्र वेगळ्याच झाडाचा, सुमात्रा-बोर्निओकडच्या.

कापराच्या लाकडाला कसर लागत नाही. यांगत्सीच्या दक्षिणेला मुलगी जन्मली की अंगणात कापराचं झाड लावायची रीत होती. ती लग्नाची झाली की झाड तोडून तिच्या रुखवताच्या पेट्या करायच्या. कुंपणावरून झाड डोकावायला लागलं की मध्यस्थ दार ठोठावत, असंही सांगतात. गावाच्या वेशीवरचं थोरलं झाड मात्र कोणाच्या मुलीचं नसे, त्याला लाल फिती बांधून पूजत. हलवलेल्या झाडांत असली गावाची झाडंही आली असणार, हे विसरू नये.

हे जतन आहे की श्रीमंतांची हौस?

मी एकच प्रश्न विचारतो: पाणी येत होतं की गिऱ्हाईक?

फूझौत पाणी येत होतं. घर तिथे राहतं तर तळाशी गेलं असतं. अशा वेळी हलवणं योग्यच, मग ते हॉटेल होवो नाहीतर शाळा. चीनला हे नवं नाही. सानमेनशा धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून शान्शी प्रांतातलं, मिंगच्या आधीच्या युआन काळातलं योंगले मंदिर १९५९ पासून पुढच्या काही वर्षांत, भिंतींवरची चित्रं तुकड्यातुकड्याने कापून, दुसरीकडे उभं केलं. थ्री गॉर्जेस धरणाच्या वेळी युनयांगचं चांग फेई मंदिर तीसेक किलोमीटर वर नेलं.

पण या गोष्टीची किंमत दुसरीकडे चुकते होते. अशी हॉटेलं गाजली की जुन्या दगडाला, जुन्या खिडकीला, जुन्या झाडाला भाव येतो. मग पाणी येत नसलेल्या गावातही दलाल पोहोचतो. घराचा मालक शहरात, घरात एक म्हातारा, तो कोरीव पट्टी विकतो. पट्टी गेली की छप्पर गळतं, छप्पर गळलं की उरलेलं घर स्वस्तात मिळतं. लेखक फंग चित्साय यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला. चीनमधल्या छोट्या गाववस्त्या २००० साली ३६ लाखांवर होत्या, २०१० मध्ये २७ लाखांवर आल्या. २०१२ पासून सरकारने पारंपरिक गावांची यादी सुरू केली, तिच्यात आता ८,१५५ गावं आहेत.

त्याच साखळीचं हांगचौजवळचं अमनफायुन हे याचं उलट उदाहरण. लिंगयिन मंदिराच्या वाटेवरचं चहामळ्यांतलं जुनं गाव, जागचं न हलवता हॉटेल केलेलं. घर जागेवर राहिलं, रहिवासी बदलले. ते तरी पूर्ण बरोबर का? मला दर वेळी वेगळं उत्तर सुचतं.

आज कोणी असं करायला गेलं तर?

झाडांच्या बाबतीत जवळजवळ अशक्य. २००९ मध्येच तिथल्या वनखात्याने मोठी, जुनी झाडं शहरात आणून लावायला मनाई केली, कारण नव्या वसाहती सजवण्यासाठी खेडी बोडकी होत होती. मार्च २०२५ पासून प्राचीन वृक्षांसाठी स्वतंत्र नियमावली लागू झाली आहे. १०० वर्षांवरचं झाड प्राचीन, ५०० वर्षांवरचं पहिल्या श्रेणीचं, आणि हलवायची परवानगी अपवाद म्हणूनच. महाराष्ट्रात शहरी भागासाठी २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला 'वारसा वृक्ष' ठरवलंय. कायद्यात आपण पुढे आहोत.

घरांच्या बाबतीत नोंद झालेली वास्तू मंजुरीशिवाय हलवता येत नाही, आणि नोंद झालेली खासगी वास्तू परदेशी माणसाला विकताही येत नाही. नोंद न झालेल्या घरांना हे कवच पुरतं लागू नाही. दलाल तिथेच फिरतो.

घरं देशाबाहेरही गेलीत का?

हो. २०१३ मध्ये अभिनेता जॅकी चॅनने आन्हुईकडची, स्वतःच्या मालकीची चार जुनी बांधकामं सिंगापूरच्या एका विद्यापीठाला देत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा चीनमध्ये मोठी ओरड झाली.

त्याआधीचं 'यिन यू तांग' मात्र मी पाहिलंय. बॉस्टनच्या बाजूला मराठी माणसं भरपूर, माझी बहीणही तिथेच. तिच्याकडून गाडीने तासाभरात सेलम गाव लागतं. तिथल्या पीबडी एसेक्स संग्रहालयाने आन्हुईतल्या हुआंग कुटुंबाचं सुमारे दोनशे वर्षं जुनं, १६ खोल्यांचं घर आणून २००३ मध्ये खुलं केलं. त्यांनी घर चकचकीत केलेलं नाही. चौकात माशांची दोन दगडी टाकी आहेत आणि भिंतीवर माओच्या काळातला, पक्षाच्या सूचना ऐकवणारा कर्णाही ठेवलाय. बहिणीला ते घर उदास वाटलं. मला कर्णा बघून हायसं वाटलं, कारण घर कोणत्या साली 'गोठवायचं' हा प्रश्न त्यांनी टाळला नव्हता. हॉटेल तो कर्णा काढणारच. पाहुणा सकाळी उठून कर्णा बघायला पैसे देत नाही.

धरणग्रस्तांचं काय झालं?

मोबदला, नवी वसाहत, नवं घर, तीच जगभरची गोष्ट. आपल्याला ती कोयनेपासून पाठ आहे. घरं वाचल्याच्या बातमीत घरातल्या माणसांना एक ओळ मिळते, इथेही तसंच झालं.

गोव्यातलं कुर्डी आठवतं. साळावलीच्या धरणात गाव गेलं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. तिथलं कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. देऊळ उत्तम आहे. पण मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डीकर उत्सवाला जातात ते चिखलातून वर आलेल्या जुन्या गावात.

तिकडचा एखादा कोरीव दगड विकत घेऊन आणता येईल?

नाही. १९११ पर्यंतची वस्तू चीनबाहेर न्यायला सरसकट बंदी आहे. 'जुना' म्हणून दुकानात मिळतो तो दगड बहुधा गेल्या वर्षी घडवलेला असतो. शंभर वर्षांवरच्या वस्तू निर्यात करायला आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. देशातल्या देशात मात्र जुन्या वाड्यांचं सामान सर्रास विकलं जातं. आमच्या आजोळच्या वाड्याचा एक तळखडा मला एका हॉटेलात भेटला. वर काच टाकून त्याचं टीपॉय केलंय. कोपऱ्यातला टवका मामाच्या कुऱ्हाडीने उडाला होता, त्यावरून ओळखला. कॉफी पिऊन उठलो.

आमचा वाडा उतरवावाच लागणार आहे. आधी काय करू?

भंगारवाल्याला बोलवायच्या आधी फोटो: प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, आणि प्रत्येक सांधा जवळून. मग मापं. मग क्रमांक, आणि ते गेरूने नको, खडूनेही नको. पत्र्याचे किंवा पितळेचे बिल्ले पंच करून घ्या, तारेने बांधा, एका तुकड्याला दोन, दोन टोकांना. तळखड्यांवर क्रमांक खालच्या बाजूला तेलरंगात. सामान जमिनीपासून हातभर वर, फळ्यांवर, वारा खेळेल असं रचा. आणि यादीच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या माणसाकडे ठेवा.